पंचवीस मिलिमीटर

उंच मोटरसायकल घेतलेल्या बुटक्या माणसाचं भांडण रस्त्याशी नसतं, सिग्नलशी असतं. गाडी चालती असेपर्यंत तो आणि सहाफुटी माणूस एकाच पंगतीला बसलेले असतात. लाल दिवा लागला की पंगत मोडते. दोनशे किलोची गाडी, टाकीत पंधरा लिटर पेट्रोल, तेही नेमकं वरच्या बाजूला, आणि एवढं सगळं पेलायला खाली डाव्या बुटाचं टोक. मागे पीएमपीची बस गुरगुरतेय, शेजारी स्कूटीवर एक आजी दोन्ही पाय ऐसपैस टेकवून बसल्यात. तेवढ्या वेळात अशा माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव दिसतात, ते मी फक्त सत्यनारायणाला मांडी घालून बसलेल्या गुडघेदुखीवाल्या यजमानाच्या चेहऱ्यावर पाहिलेत.

आमच्या सोसायटीतले नाना हे असे आहेत. पुण्यातले चौक त्यांना पाठ आहेत, पण दुकानांवरून किंवा पुतळ्यांवरून नव्हे, कडेच्या दगडांवरून. कुठल्या सिग्नलला फुटपाथ डाव्या पायाच्या टप्प्यात येतो, कुठे दुभाजकाला उजवा पाय लावता येतो, कुठे खड्डा बुजवताना डांबराचा उंचवटा राहिलाय आणि नेमकं त्यावर थांबलं तर दोन्ही टाचा टेकतात, हा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. कोथरूडहून स्वारगेटला जाताना ते जो रस्ता धरतात, तो पाहून रिक्षावाल्यालासुद्धा भोवळ येईल. जवळचा रस्ता नसतो, कमी गर्दीचाही नसतो. पाय ठेवायला जागा असलेला रस्ता असतो.

शिवाय रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता बांधतात. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे डावीकडे थांबलं की डाव्या पायाखालची जमीन आणखी दोन बोटं खाली जाते. उजवा पाय टेकवावा, तर तो मागच्या ब्रेकवर, आणि चढ असेल तर ब्रेक सोडून चालत नाही. "पाणी जावं म्हणून एवढा विचार केलाय," नाना म्हणतात, "माणसाचा पाय पोचावा म्हणून काहीही नाही." (पाणीही जात नाही, पण तो विषय त्यांचा नव्हे.)

नानांची उभी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात गेज रूममध्ये गेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि बहुतेक वेळा परत पाठवायच्या. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, व्हर्नियर सुटला नाही. काकूंनी लाटलेल्या पोळीची जाडी त्यांनी एकदा, एकदाच, त्या व्हर्नियरने मोजली होती. पुढे काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. घरात सेंटिमीटर चालत नाही, इंच तर नाहीच. भिंतीवरचं कॅलेंडर तीन मिलिमीटर डावीकडे कललेलं असतं, दूध अडीच मिलिमीटरवर उतू जायचं थांबलेलं असतं.

एवढं सगळं मोजणाऱ्या या गृहस्थाने स्वतःची उंची मात्र कधी उच्चारलेली नाही. 'गाडी उंच आहे,' असं ते म्हणतात. लोकलचा फलाट खोल आहे, एसटीची वरची फळी चुकीच्या जागी आहे, नाट्यगृहात पुढच्या रांगेतले लोक ताठ बसतात. मापात गडबड असते ती नेहमी समोरच्या वस्तूच्या. फक्त एकदा, गाडी घ्यायच्या आधी, त्यांनी स्वतःच्या पायाची आतली लांबी मोजली, आणि ते मी पाहिलं. रीत शास्त्रशुद्ध आहे: भिंतीला टाचा लावून अनवाणी उभं राहायचं, दोन मांड्यांमध्ये एक जाडजूड पुस्तक आडवं धरून वर दाबायचं, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मी काहीतरी कागद द्यायला गेलो होतो. काकूंनी दार उघडलं तेव्हा नाना मराठी विश्वकोशाचा एक खंड मांड्यांत धरून भिंतीला टेकले होते आणि हातातल्या पेन्सिलीने पाठीमागे खूण करू पाहत होते. "थांब, हलू नकोस," ते मला म्हणाले. मी कुठे हलत होतो!

आकडा त्यांनी सांगितला नाही. गाडी मात्र रॉयल एनफील्ड हिमालयन घेतली, ४११ सीसीची. २०१६ साली ही बाजारात आली तेव्हापासून त्यांचा तिच्यावर डोळा होता. लांब पल्ल्याची, खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी हवी, तर या घराण्यातल्या गाड्या उंच असतातच. गाडी घेतली त्या वेळी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर ८५५ मिलिमीटर होती, हीरोची एक्सपल्स ८२३. हिमालयनची सीट ८००. नानांनी कागदावर ८००मधून स्वतःचा तो गुप्त आकडा वजा केला, मग बुटाचा तळवाही वजा केला, आणि उत्तर जमेल असं आलं. कागदावर एक गोष्ट धरायची राहिली. सीट म्हणजे काही रेघ नव्हे. तिला रुंदी असते, ती मांड्या फाकवते, आणि फाकलेला पाय सरळ पायाइतका खाली पोचत नाही. हे ज्ञान शोरूमच्या दारात, हार घातलेल्या गाडीवर, काकू फोटो काढत असताना झालं.

आता यावर सरळ उपाय आहेत. बुटक्या माणसांनी उंच गाड्या चालवायला आजच सुरुवात केलेली नाही. सीटचा फोम तासून कडा निमुळत्या करून घेता येतात. नाना पेठेत गाडीच्या सामानाचा सगळा बाजारच पडलाय, तिथून कुठलाही सीटवाला गाठून देतील. जाड तळव्याचे बूट मिळतात. आणि सगळ्यात फुकटचा उपाय म्हणजे थांबताना ढुंगण जरा एका बाजूला सरकवून एकच पाय पुरता टेकवायचा. आम्ही एकेक सुचवत गेलो आणि नाना एकेक परत पाठवत गेले. फोम कापला तर लांबच्या प्रवासात हाडं टोचतात. (हे खरं आहे.) जाड तळव्याने गिअर नीट कळत नाही. (हे अर्धं खरं आहे.) एक पाय टेकवणं म्हणजे "तडजोड". खरं कारण एकदा चहा पिताना निसटलं. "सीट कापली," ते म्हणाले, "तर ती कापलेली दिसते."

तर जे करायचं ते आतून, आणि कुणाला दिसणार नाही असं. गाडी मागून खाली घ्यायची. पंचवीस मिलिमीटर. घरच्या घरी.

पहिला प्रयोग साधा होता. शॉकच्या स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवायचं, ते ठरवणारी एक कडी असते. हुक पान्याने ती फिरवली की स्प्रिंग सैल होते आणि माणूस बसल्यावर गाडी थोडी जास्त खाली बसते. किती बसावी याला ठोकताळा आहे: मागच्या चाकाची वरखाली होण्याची जेवढी पूर्ण मर्यादा असेल, साधारण तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. हिमालयनच्या मागच्या चाकाची मर्यादा १८० मिलिमीटर, म्हणजे साठ. आत्ता किती बसते ते मोजायला तीन माणसं लागतात. नाना जॅकेट, हेल्मेट, हातमोजे घालून, पाठीवर पाण्याची पिशवी लावून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसले, "कारण माणूस जसा प्रवासाला निघतो तसाच मोजायचा असतो". मी समोरून हँडल धरून गाडी तोलत होतो. काकूंकडे शिवणाची टेप.

"अहो, सव्वीस आणि वर एक रेघ."

"इंच नको! टेप उलटी कर."

"उलट्या बाजूला हळदीचा डाग पडलाय, आकडे दिसत नाहीत."

हेल्मेटच्या आतून नाना काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, बरं झालं. शेवटी आकडा निघाला, कडी फिरली, आणि गाडी खरोखरच थोडी खाली बसली. नाना खूश. संध्याकाळी ते काकूंना मागे बसवून खडकवासल्याला कणीस खायला निघाले. सैल स्प्रिंगवर दोन माणसं. सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर मागून 'धप्प' असा आवाज आला आणि काकूंनी विचारलं, "हा गाडीतून आला की माझ्या मणक्यातून?"

परत आल्यावर नानांनी आधी गतिरोधक मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावर चढते आणि उतरते, आपटत नाही. आमच्या फाटकातला वीतभर रुंद आणि नियमापेक्षा चांगलाच उंच निघाला. नानांनी सेक्रेटरींना आकृतीसह पत्र दिलं. ते अजून विचाराधीन आहे.

मग त्यांनी मुळाला हात घातला.

बुलेटला मागे दोन बाजूंना दोन शॉक असतात. ते काढून आखूड लावले की काम झालं. हिमालयनला एकच शॉक, तोही पोटात. मागचं चाक चिमट्याला असतं आणि चिमटा चासीला, पण शॉक काही या दोघांमध्ये सरळ बसवलेला नसतो. खालच्या बाजूला एक छोटा त्रिकोणी तुकडा आणि दोन पट्ट्या असतात. चाक वर गेलं की त्यांच्या ओढाताणीतून शॉक दाबला जातो. या दोन पट्ट्या थोड्या लांब केल्या की शॉक आहे तसाच राहतो, पण चाक गाडीच्या जरा वर सरकून बसतं. म्हणजे गाडी खाली येते. आणि सगळा मामला तरफेचा असल्यामुळे पट्टीतले थोडेसे मिलिमीटर मागच्या बाजूला काही पटींनी मोठे होऊन बाहेर पडतात. हे मला कळलं ते नानांनी जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या पुठ्ठ्याच्या मॉडेलमुळे. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, टाचण्या, शॉकच्या जागी बॉलपेनमधली स्प्रिंग. कोणीही घरात आलं की त्याला ते चाक वरखाली करून दाखवलं जाई. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने तर एक मार्मिक प्रश्नही विचारला. कुणाला दिसू नये म्हणून निवडलेली ही वाट अशी दोन इमारतींना तोंडपाठ झाली.

तयार पट्ट्या बाजारात मिळतात. "त्यांचा टॉलरन्स कुणी पाहिलाय?" या एका वाक्यात तो पर्याय निकालात निघाला. नानांनी ए-थ्री कागदावर ड्रॉइंग काढलं. कोपऱ्यात चौकट: ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ड बाय. तिन्ही ठिकाणी त्यांचीच सही, पण प्रत्येक वेगळ्या पेनने. ते घेऊन आम्ही भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. लोखंड साधं एमएस नको, ईएन-२४ हवं, दोन भोकांमधलं अंतर दोन्ही पट्ट्यांत तंतोतंत एक हवं, नाहीतर एक पट्टी ओढणार आणि दुसरी नुसती बघत बसणार. वर्कशॉपवाल्या पोराने ड्रॉइंग उलटंसुलटं पाहिलं.

"काका, फाटकाची बिजागरी का?"

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अंतर शून्य दशांश शून्य दोनपर्यंत कसं राखणार असं विचारलं. पोराने दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या, शिकंजात आवळल्या आणि म्हणाला, "एकदाच आरपार भोक मारतो. चुकलं तर दोन्ही सारखंच चुकेल." गेज रूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला याच्यावर उत्तर नव्हतं. परतीच्या वाटेवर नाना गप्प होते आणि चांदणी चौकाच्या आसपास म्हणाले, "पोरगा हुशार आहे." इतक्या वर्षांत त्यांनी पास केलेला हा पहिलाच माणूस असावा.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली गेली. तिच्यावर रिंग पाने, गोट्या, हातोडी, लाकडी ठोकळा, ग्रीसचा डबा, आणि प्रमाणपत्रासह एक टॉर्क पाना, ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने. माझं काम मोबाइलचा उजेड धरणं. घरच्या घरी गाडी खोलणाऱ्या प्रत्येक माणसाला एक उजेड धरणारा लागतो, आणि उजेड कधीच योग्य जागी नसतो.

गाडी डबल स्टँडवर. मागचं चाक अधांतरी. पण चिमटा आपल्या वजनाने खाली लोंबत असतो, त्यामुळे पट्टीच्या बोल्टवर ताण येतो आणि नट काढला तरी बोल्ट जागचा हलत नाही. चाकाला खालून अगदी नेमका टेकू द्यावा लागतो. कमी दिला तर खालचा ताण, जास्त दिला तर वरचा. यासाठी जॅक मिळतो. नानांनी एक पाट ठेवला आणि त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. एकेक अंक चाकाखाली सरकवायचा, बोल्ट बोटाने फिरवून बघायचा. काकू वरून रद्दी आणून देत होत्या आणि 'हा नको, यात माझं शब्दकोडं आहे,' असं म्हणत काही अंक परत नेत होत्या. एक वेळ अशी आली की पूर्ण अंक घातला तर जास्त होत होता आणि काढला तर कमी पडत होता. नानांनी अंकाची पानं मोकळी केली. अर्थविषयक पुरवणी आत ठेवली, छोट्या जाहिराती बाहेर काढल्या, आणि बोल्ट दोन बोटांत फिरला. इतका की फुंकर मारली असती तर निघाला असता. मी ते स्वतः फिरवून पाहिलं. कुठल्याही जॅकला हे जमलं नसतं, एवढं मी मान्य करतो.

खालचा दुसरा बोल्ट मात्र रद्दीला बधला नाही. हा भाग चाकाच्या पुढे, चिखलाच्या तोंडी असतो. पाणी शिरतं, आतलं ग्रीस धुऊन जातं. नानांनी तेल मारलं, दुपारभर भिजू दिलं, नट टोकाशी उलटा चढवून ठेवला, म्हणजे आटे चेपणार नाहीत, त्यावर ठोकळा धरला आणि हातोडी मारली. ठोके शांत, एका अंतराने, सगळे सारख्या जोराचे. रागाने एकही नाही. माणूस कामात किती मुरलाय ते अडलेल्या बोल्टपाशी कळतं. आमच्यापैकी दुसरा कुणी असता तर तिसऱ्या ठोक्याला त्याने बोल्टची आईबहीण काढली असती आणि चौथ्याला आटे घालवले असते. उन्हं कलली तेव्हा बोल्ट निघाला. बेअरिंगं धुतली, ग्रीस भरलं, नव्या पट्ट्या बसल्या. टॉर्क पान्याने 'कट्' केलं तेव्हा नानांनी मला तो आवाज पुन्हा ऐकवला.

मग ते गाडीवर बसले. बुटाचा पुढचा अर्धा तळवा जमिनीवर, दोन्हीकडे. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वॉचमन येऊन विचारून गेला, "काका, गाडी चालू होत नाहीये का?" नाना उतरले नाहीत. चांगला अर्धा तास ते पार्किंगमध्ये, बंद गाडीवर, एका न दिसणाऱ्या सिग्नलला थांबून होते.

गाडी ही एका सुताने बांधलेली असते. एक टोक ओढलं की दुसरीकडे काहीतरी उसवतं. पहिला उसवला साइड स्टँड. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे ती डावीकडे रेलायच्या ऐवजी जवळजवळ ताठ उभी राहू लागली. सोमवारी दूधवाल्याने पिशवी उजव्या आरशाला अडकवून मोबाइल काढला, आणि गाडी अगदी सावकाश उजवीकडे निघाली. दूधवाल्याने गाडी धरली. पिशवी नाही धरली. स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग करून घेणं सोपं होतं, पण वेल्डिंगचा सांधा 'दिसतो'. नानांनी त्यांच्या पार्किंगमधला, स्टँड टेकतो तिथला एक पेव्हर ब्लॉक उचकटला, खालची खडी थोडी काढली आणि ब्लॉक परत बसवला. स्टँड उंच होतो ना? मग जमीन खाली. घरी हा इलाज चोख चालतो. बाहेर गेल्यावर ते उताराची जागा शोधत फिरतात.

डबल स्टँडचंही तेच. गाडी आता त्यावर चढेना, कारण मागची बाजू जास्त उचलावी लागते. उपाय: मागचं चाक आधी पाटावर चढवायचं, मग स्टँड लावायचा. त्यामुळे मागच्या पेटीत आता कायम एक पाट असतो. सातारा रस्त्यावरच्या धाब्यांवर पाट घेऊन गाडीवरून उतरणारे हे गृहस्थ कुठल्या पूजेला निघालेत, असं विचारण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

मागे खाली म्हणजे पुढे वर. हेडलाइट समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जाऊ लागला आणि तिथल्या बाईंनी खिडकीतून थेट प्रश्न विचारला. भिंतीवर खडूची रेघ मारून तो खाली आणला. मग ताम्हिणीच्या वळणांवर गाडी वळायला आळस करते असं नानांच्या लक्षात आलं. तेही बरोबरच होतं. पुढचे पाइप आधीपेक्षा जास्त पसरून तिरके होतात, मग गाडी सरळच जायला बघते. पाइप वरच्या आणि खालच्या क्लॅम्पमधून थोडे वर सरकवले, पुढची बाजूही उतरली, गाडी वळू लागली. पुढची बाजू उतरली म्हणून हेडलाइट पुन्हा खाली गेला. खडू पुन्हा निघाला. चेन ताणली गेली ती सैल केली. आता पोटाखालची पत्र्याची ढाल गतिरोधकाला घासते, म्हणून नाना तो तिरका पार करतात, एका कडेकडून दुसऱ्या कडेला, आणि त्या वेळी दोन्ही बाजूंची रहदारी थांबून बघते.

सेक्रेटरींना पेव्हर ब्लॉकचा पत्ता लागला. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, कलमाशिवाय बोलत नाहीत. "मोटार वाहन कायदा, कलम ५२," ते म्हणाले. "बनवणाऱ्याने जी मापं दिली, त्यात फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचाही २०१९चा निकाल आहे."

"मी पट्टी बदललीय, गाडी नाही," नाना म्हणाले. "आणि आरसीत सीटची उंची लिहिलेली नसते. दोन चाकांतलं अंतर असतं. १४६५. ते तेवढंच आहे."

सेक्रेटरी हरले. पण त्या रात्री नाना झोपले नाहीत, कारण जिना चढता चढता त्यांच्या लक्षात आलं होतं की चिमटा आडव्याच्या जवळ आला की चाक किंचित मागे सरकतं. म्हणजे अंतर वाढलं. पहाटे पार्किंगमध्ये ओळंबा आणि स्टीलची पट्टी घेऊन ते कुणाला तरी दिसले. आकडा किती आला, ते तिथेच राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, पाच फूट एक-दोन इंचांची असेल, स्पितीला जाऊन आली. तीही याच गाडीवर, पट्ट्याबिट्ट्या न बदलता. फाटकाशी थांबते तेव्हा सहज एका बाजूला सरकते, एक पाय पूर्ण टेकवते, हेल्मेटची काच वर करून वॉचमनशी गप्पा मारते. काकूंनी हे नानांच्या नजरेला आणून दिलं. "ती एका पायावर उभी राहणाऱ्यांतली आहे," नाना म्हणाले. काकू म्हणाल्या, "बगळा नव्हे ती, मुलगी आहे," आणि आत निघून गेल्या.

पण कीर्ती पसरली. मागच्या महिन्यात वारज्याहून एक गृहस्थ नानांचं नाव काढत आले. सहा फूट दोन इंच. त्यांचीही हिमालयन. त्यांचे गुडघे हँडलशी येतात, तासाभरात आखडतात. पट्ट्या लांब करून गाडी खाली येते, तर आखूड करून वर नेता येईल का, असं विचारायला आले होते. पुठ्ठ्याचं मॉडेल आता आपोआप बाहेर येणार, म्हणून मी खुर्ची ओढून घेतली.

नानांनी त्या माणसाकडे खालून वर नीट पाहिलं. पहिल्यांदाच त्यांची नजर मोजून घेतल्यासारखी फिरली. मॉडेल त्यांनी काढलंच नाही.

"मागून उचलून काय होणार?" ते म्हणाले. "सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर तेवढंच राहणार. गुडघ्याला काय फरक पडतो? सीटवर दोन इंच फोम चढवून घ्या. नाना पेठेत कुणीही करून देईल."

"पण ते वेगळं दिसेल ना," तो गृहस्थ संकोचून म्हणाला.

"दिसलं तर दिसलं!" नाना म्हणाले. "आणि बूट पातळ तळव्याचे घाला. वीस-पंचवीस मिलिमीटर तिथेच सुटतील. अहो, गाडीत काही दोष नाहीये. तुम्ही उंच आहात."